सेव्हरन्स सीझन 2 चा शेवट: मार्कने जेमाला सोडलं म्हणणाऱ्यांनो, तो मार्क कुठला होता?

नमस्कार मंडळी. आज ‘सेव्हरन्स’ या सिरीजबद्दल बोलूया. स्पॉयलर आहेत, भरपूर आहेत, ज्यांनी दुसऱ्या सीझनचा शेवटचा एपिसोड ‘कोल्ड हार्बर’ अजून बघितला नाहीये त्यांनी आत्ताच्या आत्ता व्हिडिओ बंद करा, एपिसोड बघा आणि मग या.

शेवटी मार्क बायको जेमाला लुमनमधून बाहेर काढतो, पण स्वतः ऑफिसमधल्या हेलीबरोबर आतच राहतो. शुक्रवारी एपिसोड आला तेव्हापासून माझ्या कमेंट्समध्ये एकच गोष्ट चाललीये. “मार्क नालायक निघाला.” “बायको दारापलीकडे ओरडतेय आणि हा दुसरीचा हात धरून पळतोय.” एका ताईंनी तर लिहिलंय की दोन सीझन ज्या माणसासाठी रडले त्याच्यावर थुंकावंसं वाटलं. ताई, राग समजतो, मलाही शेवटच्या दोन मिनिटांत छातीत धडधडत होतं. पण तुम्ही ज्याच्यावर रागावलाय तो माणूस त्या दारापाशी नव्हताच, आणि मी आज एवढंच सांगायला बसलेय.

बेसिक पटकन. लुमन कंपनी, डोक्यात चिप, ऑफिसच्या मजल्यावर गेलं की बाहेरचं काही आठवत नाही, बाहेर आलं की आतलं काही आठवत नाही, आतला तो इनी, बाहेरचा तो आउटी, आणि तो मजला म्हणजे सेव्हर्ड मजला. 2022 पासून बघताय, माहितीये तुम्हाला. पुढे.

लिफ्ट. सगळा घोळ लिफ्टमध्ये आहे. सेव्हर्ड मजल्यावर लुमनच्या ड्रमंडशी मारामारी होते तेव्हा मार्क इनी आहे, बरोबर? बकरीवाली लॉर्न मदतीला येते, तिच्या बकरीला मारायला आणलेली ती गन मार्क ड्रमंडच्या मानेला लावतो आणि त्याला घेऊन लिफ्टने खाली निघतो. मध्येच स्विच होतो, शरीराला तो झटका बसतो, बोट दाबलं जातं आणि गोळी सुटते. इनीने गन धरलेली आणि आउटी शुद्धीवर येतो तो थेट समोर मरणाऱ्या माणसाकडे बघत. तो सीन मी परत परत बघितलाय, मार्क झालेल्या ॲडम स्कॉटचा चेहरा अर्ध्या सेकंदात बदलतो, आणि डायलॉग एक नाही. मग आउटी मार्क काय करतो, तर रक्ताने भिजलेला टाय घेतो आणि त्या रक्ताने कोल्ड हार्बर नावाच्या खोलीचं दार उघडतो. आत जेमा लहान बाळाचा पाळणा सुटा करत बसलीये. तोच पाळणा, सातव्या एपिसोडमध्ये मूल गेल्यानंतर मार्कने तोडायला घेतलेला. कंपनीला बघायचंय की तिला काही वाटतं का, आणि तिला काही वाटत नाहीये, कारण तिथल्या प्रत्येक खोलीत तिची वेगळी इनी असते आणि या खोलीतली ती आत्ताच जन्मलेली आहे. आणि तरी रक्ताने माखलेल्या एका अनोळखी माणसावर विश्वास ठेवून ती बाहेर येते.

आणि बाहेर पॅसेजमध्ये येताच ती जेमा होते. खाली टेस्टिंग मजल्यावर हे दोघं खरेखुरे नवरा-बायको आहेत. मिठी मारतात, लिफ्टमध्ये शिरतात, लिफ्ट वर निघते, किस करतायत, आणि किस चालू असतानाच दोघंही बदलतात. आता लिफ्टमधून बाहेर पडतोय तो इनी मार्क आणि त्याच्याबरोबर आहे मिस केसी, म्हणजे जेमाची सेव्हर्ड मजल्यावरची इनी. हे डोक्यात पक्कं ठेवा. तिथून जिन्याच्या दारापर्यंत जे काही घडतं ते या दोघांचं आहे. जेमाचा नवरा लिफ्टमध्येच राहिला.

मग इनीने काय केलं? शब्द दिला होता, तिला दारापर्यंत आणेन. आणलं. तिला बाहेर ढकललं, ती जेमा झाली, सुटली. आता तो स्वतः त्या दारातून गेला असता तर काय झालं असतं? काम संपलंय, मजला बंद होणार, तो परत कधीच जागा झाला नसता. तुम्ही त्याला म्हणताय की बाहेर पाऊल टाक आणि मर, आणि का, तर तुझ्या शरीराचं लग्न झालंय म्हणून.

आता तेच दुसऱ्या बाजूने बघा. एपिसोडची सुरुवात आठवा, केबिनमध्ये कॅमकॉर्डरवर दोघं मार्क एकमेकांशी बोलतात, एक रेकॉर्ड करतो, दार ओलांडतो, दुसरा बघतो, उत्तर रेकॉर्ड करतो. सुरुवातीला आउटी किती गोड बोलतोय, सॉरी म्हणतोय, रीइंटिग्रेशन करू म्हणतोय, दोघं एक होऊ. आणि मग हेलीचं नावच चुकीचं घेतो. ‘हेलेनी’ म्हणतो. झालं! ज्या बाईवर या माणसाचं प्रेम आहे तिचं नाव तुला धड माहीत नाही आणि तू म्हणतोस माझ्यावर भरवसा ठेव? इनीचा मुद्दा साधा आहे, तुझं आयुष्य कित्येक वर्षांचं, माझं दोनेक वर्षांचं, आपण एक झालो तर त्यात मी उरणार किती? याचं उत्तर आउटीकडे नाही, तो चिडतो. मला वाटतं शेवटाचा निर्णय तिथेच झाला, हेली कॉरिडॉरमध्ये दिसायच्या कितीतरी आधी. डॅन एरिक्सनने लिहिलेला हा संवाद आणि बेन स्टिलरने त्यात लावलेला वेळ, यासाठी माझा त्या दोघांना मनापासून सलाम, कारण फिनालेमध्ये एवढा वेळ दोन माणसांना, म्हणजे एकाच माणसाला, बोलत बसवणं ही हिंमत आहे. आणि “सीझन फार संथ होता” म्हणणाऱ्यांनो, हा संथपणा होता म्हणूनच ती लिफ्ट अंगावर आली.

माझी मावसबहीण न्यू जर्सीत एडिसनला असते, तिच्याकडे गुरुवारी रात्रीच येतो एपिसोड, त्यामुळे मी उठते तेव्हा तिचा मेसेज आलेला असतो, “बघ आणि फोन कर.” लुमनची बिल्डिंग दाखवतात ना, ती होल्मडेलची जुनी बेल लॅब्स आहे, एरो सारिननने डिझाइन केलेली, तिथून फार लांब नाही, ही बया खास ती बघायला जाऊन आलीये. तर ती पूर्ण जेमाच्या बाजूने. म्हणाली, “त्या बाईने दातांच्या डॉक्टरची खोली सोसली, विमान हलायची खोली सोसली, थँक्यू कार्ड लिहून लिहून हात मोडला, आणि शेवटी हे?” बरोबर आहे तिचं. जेमावर अन्याय झालाय, मोठा झालाय. पण तो लुमनने केलाय. इनी मार्कच्या डोक्यावर का फोडताय?

आणि जेमासाठी भांडणाऱ्या एकानेही मिस केसीचं नाव घेतलेलं नाही, याचं मला खरंच वाईट वाटतं. पहिल्या सीझनमध्ये ती सांगते, तिचं एकूण आयुष्य 107 तासांचं. तेवढंच. त्या दारातून जाताना तीही संपली. इनी मार्क तिला जा म्हणाला आणि ती गेली. इनीचं बाहेर जाणं म्हणजे काय असतं ते आपल्याला मिस केसीच्या रूपात दोन सेकंद आधी दाखवलंय, ती गेली आणि तिच्या जागी दुसरीच बाई उभी राहिली, ओरडणारी. मार्क काचेतून हेच बघतोय. म्हणून तो थांबतो.

आता कमेंट्समधली थिअरी, की शेवटी कॉरिडॉरमध्ये उभी होती ती हेली नसून तिची आउटी, लुमनच्या मालकांच्या घरातली हेलेना ईगन. चौथ्या एपिसोडनंतर कुणालाही शंका येणारच, टीममधल्या आयर्व्हिंगने तिला पाण्यात बुडवून सत्य बाहेर काढलं होतं. पण सेव्हर्ड मजल्यावर हेलेना म्हणून वावरायचं तर लुमनला मुद्दाम ग्लासगो ब्लॉक, म्हणजे इनीत बदलणं रोखणारी सोय, लावावा लागतो. आणि जी बाई टीममधल्या डिलनबरोबर मॅनेजर मिल्चिकला बाथरूममध्ये कोंडते आणि टेबलावर चढून अख्ख्या बँडला बंडाला उभं करते, ती कंपनीची मालकीण कशाला असेल? पटत नाही मला.

एक राग काढतेच. एपिसोड येऊन काही तास झाले नाहीत तोवर आमच्या एका ग्रुपमधल्या मुलीने तो शेवटचा लाल फ्रेम स्टेटसला लावला. दहा आठवडे शुक्रवारची वाट बघणाऱ्या माणसाचा असा घास काढून घेऊ नये हो. निदान शनिवार-रविवार तरी जाऊ द्या.

तिसरा सीझन जाहीर झालाय, आणि मला सगळ्यात आधी जेमाचं उत्तर पाहिजे. ती आत्ता लुमनच्या जिन्यात एकटी आहे. बाहेर मार्कची बहीण डेव्हन आहे, त्याची जुनी बॉस कोबेल आहे, पण हिला त्यातलं काही माहीत नाही, आणि दार उघडून मार्कला आणायला परत आत गेली तर ती पुन्हा मिस केसी होणार. मग ती करणार काय? तुमचा अंदाज खाली लिहा, सविस्तर लिहा, मी प्रत्येक वाचते. आणि लॉर्न आणि बकऱ्यांवर वेगळा व्हिडिओ येतोय, पुढच्या आठवड्यात.