पगार वाढला तर वडा कितीनं महागतो?

श्रोते हो, नमस्कार.

सोलापुरातल्या हॉटेलांचे आणि नाश्ता सेंटरांचे जमाखर्च लिहिणं हा माझा व्यवसाय. नवी पेठ असो, जुळे सोलापूर असो की होटगी रोड, किमान वेतनाचं नवं पत्रक निघालं की मालकांच्या तोंडी एकच वाक्य असतं. "साहेब, सरकारनं पगार वाढवा म्हणायचं, गिऱ्हाइकानं वडा जुन्याच भावात मागायचा, मधल्यामध्ये आम्ही मरायचं." त्याला जोडून दुसरं वाक्य येतं, "मग दोन पोरं कमी करावी लागतील." ही दोन्ही वाक्यं खरी किती आणि सवयीची किती, ते आज वहीवरच तपासून बघू.

एक बेताचं नाश्ता सेंटर घ्या. आकडे मी सोयीसाठी गोल करतो. दिवसाला ६०० प्लेट वडे, वीस रुपयांनी, म्हणजे गल्ला १२,००० रुपये. कढईपाशी वस्ताद, त्याचा रोज ८००. हाताखाली एक मदतनीस, ५५०. पुढे गिऱ्हाइकाला देणारी दोन पोरं, प्रत्येकी ४००. आणि सकाळची भांडी घासून जाणारी बाई, २५०. एकूण मजुरी २,४०० रुपये, गल्ल्याचा पाचवा हिस्सा. बाकीचे पैसे बटाटा, बेसन, तेल, पाव, गॅस, भाडं, वीज यांत जातात, आणि त्यातून उरलं तर ते मालकाचं.

आता समजा, सगळ्यांची मजुरी एकदम २५ टक्के वाढली. तशी ती एका फटक्यात क्वचितच वाढते, तरी धरून चाला. वाढ झाली दिवसाला ६०० रुपये. प्लेटी ६००. म्हणजे एका प्लेटीमागे एक रुपया.

एकच रुपया! पण वडा एकवीस रुपये कुणी लावतो का? मोबाइलवर पैसे द्यायची सोय होऊनही आपल्याकडचा भावफलक अजून पाचाच्या पायरीनं चढतो. म्हणून मालक आधी कळ काढतो. वडा लिंबाएवढ्यानं लहान होतो, तळलेली मिरची दोनाची एक होते, चटणी मागितल्याशिवाय येत नाही. आणि मग एका सोमवारी फलकावर एकदम पंचवीसचा आकडा येतो, खाली खडूनं लिहिलेलं, 'वाढत्या मजुरीमुळे'. वाढ पाच रुपयांची, त्यातला मजुरीचा वाटा एक रुपया. उरलेले चार कशाचे, ते खडूला माहीत नसतं.

त्यात तेलाचाही वाटा असतो. वड्याच्या धंद्याला दिवसाला दहा किलो तेल लागलं आणि किलोमागे तीस रुपये वाढले, तर तीनशे रुपये गेले, म्हणजे त्या पंचवीस टक्के पगारवाढीच्या निम्मे. २०२२ च्या एप्रिल अखेरीस इंडोनेशियानं पाम तेलाची निर्यात थांबवली, तेव्हा भाव कसे उसळले होते ते आठवत असेल. १४ सप्टेंबर २०२४ ला केंद्र सरकारनं खाद्यतेलावरचं आयात शुल्क वाढवलं. कच्च्या तेलावर सगळं धरून साडेपाच टक्के होतं, ते साडेसत्तावीस झालं. रिफाइंडवर पावणेचौदाचं पावणेछत्तीस. व्यापारी गॅसचा १९ किलोचा सिलिंडर तर दर महिन्याच्या एक तारखेला नवा भाव घेऊन येतो. पण तेल महागलं म्हणून कुणी मालक माझ्यापुढे 'आता तळणं बंद करावं लागेल' म्हटल्याचं मला स्मरत नाही. मुकाट्यानं डबा उचलतो. पगाराचं नाव निघालं की मात्र धंदा बुडायची भाषा सुरू होते. तेलवाल्याशी घासाघीस चालत नाही आणि पोराशी चालते, एवढंच त्यामागचं कारण असावं, असं माझं मत आहे.

हा वाद जगात सगळ्यात जास्त झाला तो अमेरिकेत, आणि तोही बर्गरच्या दुकानांवरून. १ एप्रिल १९९२ ला न्यू जर्सी राज्यानं किमान वेतन तासाला सव्वाचार डॉलरवरून पाच डॉलर पाच सेंटवर नेलं. शेजारच्या पेनसिल्वेनियात ते होतं तेवढंच राहिलं. डेव्हिड कार्ड आणि ॲलन क्रूगर या दोन अर्थतज्ज्ञांनी दोन्हीकडची ४१० फास्ट फूड दुकानं घेतली आणि वाढीच्या आधी नि नंतर चक्क फोन करून विचारलं, तुमच्याकडे माणसं किती, नव्या माणसाला पगार काय देता, बर्गर, बटाट्याचे काप आणि थंड पेय मिळून किती पडतं? पुस्तकी हिशेबानं न्यू जर्सीतली माणसं कमी व्हायला हवी होती. ती झाली नाहीत. भाव मात्र चारेक टक्क्यांनी चढले. १९९४ साली हे छापून आलं आणि अर्थशास्त्रात भांडण पेटलं. न्यूमार्क आणि वॉशर या दोघांनी दुकानांची पगारपत्रकं मागवून उलट उत्तर काढलं. कार्ड आणि क्रूगर यांनी मग सरकारी नोंदी घेऊन पुन्हा हिशेब केला, तरी नोकऱ्या फारशा हललेल्या दिसल्या नाहीत. कार्ड यांना २०२१ मध्ये नोबेल मिळालं. क्रूगर तोवर हयात नव्हते.

ताजं उदाहरण कॅलिफोर्नियाचं. तिथे १ एप्रिल २०२४ पासून, देशभरात साठ किंवा जास्त दुकानं असलेल्या साखळ्यांना, फास्ट फूडच्या कामगाराला तासाला वीस डॉलर द्यायची सक्ती झाली. आधी राज्याचा दर सोळा होता. म्हणजे वाढ बरोबर २५ टक्के, आपण वड्याला धरली तेवढीच. वीस डॉलर म्हणजे त्या वेळच्या दरानं साडेसोळाशे रुपयांच्या वर, आणि ते दिवसाला नव्हे, तासाला! ऐकून इथून उडी मारावीशी वाटेल, पण तिथलं घरभाडंही त्याच मापाचं असतं.

परिणाम काय झाला? बर्कलीच्या विद्यापीठातल्या अभ्यासकांनी सांगितलं की भाव ३.७ टक्क्यांच्या आसपास वाढले, चार डॉलरच्या बर्गरला पंधरा सेंट, आणि नोकऱ्या घटल्या नाहीत. दुसऱ्या एका गटानं मांडलं की देशातल्या इतर भागांच्या तुलनेत कॅलिफोर्नियातल्या या धंद्यातले रोजगार २.७ टक्क्यांनी कमी झाले, आणि त्यांच्या मधल्या अंदाजानं सुमारे अठरा हजार नोकऱ्या गेल्या. मला यात दिसतं ते असं. भाव पगाराएवढे चढत नाहीत, यावर दोन्ही बाजूंचं फारसं दुमत नाही. नोकऱ्यांबद्दलचं भांडण 'थोड्या गेल्या की गेल्याच नाहीत' एवढ्यावर आहे. निम्मी दुकानं बंद पडतील असं सांगत फिरणारे होते, तसं काही घडलं नाही.

एक गोष्ट मात्र नक्की घडली, आणि ती आपल्या कामाची आहे. कायदा लागू व्हायच्या आधीच, डिसेंबर २०२३ मध्ये, पिझ्झा हटच्या तिथल्या दोन फ्रँचायझीवाल्यांनी घरपोच देणारे बाराशेच्या वर चालक काढून टाकायचं जाहीर केलं. पिझ्झा घरी जायचा थांबला नाही, तो ॲपवाल्यांकडून जाऊ लागला. आता आपल्या सात रस्ता चौकात संध्याकाळी आठ वाजता उभे राहा. पाठीवर चौकोनी पिशवी अडकवलेली ती पोरं बघा. ती कुणाच्याच हजेरीबुकात नाहीत. पेट्रोल त्यांचं, गाडी त्यांची, फेरीवर पैसे. किमान वेतनाचा दर त्यांना लागतच नाही. कॅलिफोर्नियातून आपण काही शिकायचंच असेल, तर कायद्याच्या कक्षेतलं काम कक्षेबाहेर कसं सरकतं, ते शिकावं.

सोलापूरकराला हे नवं नाही म्हणा. विडीच्या मजुरीचा प्रश्न निघाला की कारखाना दुसऱ्या राज्यात नेण्याची धमकी पूर्व भागातल्या किती पिढ्यांनी ऐकली! यंत्रमागावरही तेच. एका माणसानं किती माग सांभाळायचे, यावरून इथे कमी भांडणं झाली नाहीत. पण विडी आणि टॉवेल बाहेर नेता येतात. वडा नेता येत नाही. टिळक चौकातल्या गिऱ्हाइकाला गरम घाणा टिळक चौकातच काढून द्यावा लागतो. खाण्याच्या धंद्यात पगारवाढीनं माणसं सरसकट का जात नाहीत, याचं एक साधं कारण हे आहे.

मालक माणूस कमी करतो, पण तो कुठला? वस्तादाला कुणी हात लावत नाही. बेसनाचा थेंब कढईत टाकून तो वर यायला लागलेल्या वेळेवरून तेलाचा अंदाज घेणारा माणूस सहज मिळत नाही, आणि मे महिन्यात, पारा त्रेचाळीसच्या वर असताना, त्या कढईपुढे उभं राहायला तर अजिबात नाही. जाते ती भांडी घासणारी बाई. स्टीलच्या प्लेटी जाऊन कागदी येतात. कणीक मळायचं यंत्र येतं. काउंटरवर मालकाचा मुलगा किंवा बायको बसते, बिनपगारी. म्हणजे एकूण आकड्यात फरक थोडा दिसतो, पण तो कुणाच्या अंगावर पडतो ते आकड्यात दिसत नाही. 'नोकऱ्या जात नाहीत' म्हणणाऱ्यांनी त्या अडीचशे रुपयांच्या बाईकडेही बघावं, असं मला वाटतं.

आता अमेरिकेचा वाद जसाच्या तसा इथे का लागू पडत नाही, त्याकडे येतो. तिथे दर वाढला की तो पगाराच्या चेकवर दिसतो. आपल्याकडे पत्रकातला दर आणि हातातली मजुरी या दोन वेगळ्या वस्तू असतात. हॉटेलं आणि खाद्यगृहं यांचे दर महाराष्ट्रात परिमंडळाप्रमाणे आणि कुशल, अर्धकुशल, अकुशल अशा प्रतवारीनं ठरतात. मूळ वेतनावर विशेष भत्ता असतो, आणि तो महागाईच्या निर्देशांकाप्रमाणे १ जानेवारी आणि १ जुलै, असा वर्षातून दोनदा बदलतो. गंमत म्हणजे औद्योगिक कामगारांच्या महागाईचा निर्देशांक देशातल्या ज्या निवडक केंद्रांवर काढला जातो, त्यात सोलापूर आहे. आपल्या बाजारातल्या ज्वारी-डाळीचे भाव टिपून केंद्र सरकार आपल्या शहराचा वेगळा आकडा छापतं. आकडा इथला, आणि तो ज्याच्यासाठी निघतो त्या पोराला त्याची खबर नाही.

कारण पोराचा पगार ठरतो उचलीवर. अक्कलकोटकडून किंवा सीमेपलीकडच्या कलबुर्गी भागातून तो येतो. गड्ड्याच्या जत्रेआधी किंवा बहिणीच्या लग्नाला वीस हजार उचल घेतो. ती फिटेपर्यंत जायचं कुठे? जेवण मालकाचं, झोपणं माळ्यावर, खाडा पडला की कापणी. सकाळी सहाला शटर वर होतं, रात्री दहाला खाली येतं. मधले दोन-तीन तास मोकळे दिले, तरी तेरा तास झाले. माणसाला सोडून जाता येत नसेल तर त्याची मजुरी त्याच्या कामाच्या मोलापेक्षा खाली दबून राहते, हे अर्थशास्त्र मान्य करतं, आणि तिथे कायद्यानं दर वाढवला तर नोकरी जायलाच पाहिजे असं नाही, हेही त्याच शास्त्रात बसतं. सर्वोच्च न्यायालयानं १९८२ साली, दिल्लीच्या एशियाडच्या बांधकाम मजुरांच्या खटल्यात, याहून कडक शब्द वापरला होता. किमान वेतनापेक्षा कमी देऊन काम करून घेणं ही वेठबिगारीच, असं म्हटलं होतं.

किमान म्हणजे किती, याचंही कोष्टक आहे. १९५७ च्या भारतीय श्रम परिषदेनं ठरवलं की कमावत्याच्या मजुरीत तीन मोठ्या माणसांएवढा खर्च बसला पाहिजे. माणशी २,७०० उष्मांकांचं अन्न, कुटुंबाला वर्षाला ७२ वार कापड, शिवाय घरभाडं, इंधन, दिवाबत्ती. नंतर न्यायालयानं त्यात मुलांचं शिक्षण आणि औषधपाणी घातलं. या कोष्टकानं मोजलं तर आपल्या वड्याच्या हिशेबातलं चारशे रुपये रोजाचं पोर कुठे बसतं, ते तुम्हीच ताडा. वेतन संहिता २०१९ मध्ये संसदेत मंजूर झाली, ती २१ नोव्हेंबर २०२५ पासून लागू आहे. पूर्वी यादीतल्या धंद्यांनाच किमान वेतन होतं, आता ते नोकरीवरच्या सगळ्याच कामगारांना आहे.

माझ्यापुरतं सांगायचं तर मी दर वाढवण्याच्या बाजूचा आहे, आणि माझे निम्मे अशील हे ऐकून मला उद्या फोन करतील. पण मालकांची एक तक्रार मला रास्त वाटते. जो नियमानं पगार देतो, हजेरीबुक ठेवतो, त्याच्या शेजारी तसलं काही न करणारा वडा स्वस्त विकतो, आणि तपासणी होते ती नियमानं चालणाऱ्याची, कारण त्याचाच कागद सापडतो. दर वाढवायचा आणि तो फक्त कागदवाल्यांकडून वसूल करायचा, यानं पगार वाढत नाहीत, कागद कमी होतात. आणि हेही मालकांना सांगतो की आपल्याकडे वडा खायला येतो कोण? यंत्रमागावरचा कामगार, विडीची हजारी भरून परतणारी बाई, रिक्षावाला. त्यांच्या हातात चार पैसे जास्त पडले तर ते पुण्याच्या मॉलमध्ये जात नाहीत, संध्याकाळी तुमच्याच गाडीवर येतात.

तर, जे कामावर आहेत त्यांच्यासाठी. पगाराच्या पावतीवर मूळ वेतन आणि विशेष भत्ता हे दोन आकडे वेगवेगळे दिसतात का, ते बघा. एकच गोळाबेरीज असेल तर विचारा. जादा तासांना दुप्पट दर असतो, तेही विचारा. चालू दरपत्रक सहायक कामगार आयुक्तांच्या कार्यालयात पाहायला मिळतं. आणि मालकांनी विशेष भत्त्याचा नवा आकडा लागला की आधी तो प्लेटींच्या संख्येनं भागून बघावा, आणि मगच खडू हातात घ्यावा. नमस्कार.