राज्य गेल्यावरचं तंजावर

नमस्कार श्रोतेहो.

तंजावर म्हटलं की आपल्याला व्यंकोजीराजे आठवतात, नाहीतर कुणाच्या तरी देवघरातलं सोन्याच्या वर्खाचं कृष्णाचं चित्र. आज मला बोलायचं आहे ते व्यंकोजींच्या वंशातल्या दुसऱ्या सरफोजीराजांबद्दल. पण त्या गावात कुणाकडेही जायचं तरी आधी मोठ्या देवळावरूनच जावं लागतं. तिथले लोक त्याला ‘पेरिय कोविल’ म्हणतात. आपण त्याला बृहदीश्वर म्हणून ओळखतो.

चोळ सम्राट पहिला राजराज याने बांधलेलं हे देऊळ १०१० साली पुरं झालं. गाभाऱ्यावरचं शिखर दोनशे फुटांहून उंच. गाइड हमखास सांगतो की या शिखराची सावली जमिनीवर पडत नाही. पडते, चांगली लांबलचक पडते, आणि उन्हं कलली की माणसं तिच्यातच पाय पसरून बसलेली असतात.

मला मात्र शिखरापेक्षा भिंती जास्त धरून ठेवतात. राजराजाने हुकूम केला होता की आम्ही दिलेलं, आमच्या अक्काने दिलेलं, आमच्या राण्यांनी दिलेलं आणि बाकीच्यांनी दिलेलं सगळं दगडावर कोरा. राण्यांच्या आधी थोरल्या बहिणीचा, कुंदवैचा मान! मग काय, तळखड्यापासून अक्षरंच अक्षरं. देवळासाठी आणलेल्या चारशे नर्तकींची नावं, कोणीचं घर कुठल्या रांगेत, आणि एकेकीला वर्षाला १०० कलम भात. कलम हे तिथलं धान्याचं माप. हजार वर्षांपूर्वीचा हा जमाखर्च आजही बोट ठेवून वाचता येतो.

चोळ गेले, पुढे नायक घराण्याचे राजे आले. देवळात त्यांच्या चित्रांच्या थराखाली चोळांची चित्रं झाकली गेली होती, ती १९३१ मध्ये उजेडात आली. नायकांची मदुरेच्या नायकांशी लढाई जुंपली, १६७३ मध्ये तंजावर पडलं, आणि त्या धामधुमीत आदिलशाहीच्या वतीने गेलेल्या व्यंकोजींनी काही काळातच गादी स्वतःच धरली. १६७७ मध्ये शिवाजी महाराज दक्षिणेत उतरले तेव्हा वडिलांच्या दौलतीतला वाटा मागायला त्यांनी या सावत्र भावाला बोलावलं. कोल्लिडम नदीकाठी भेट झाली, बोलणं काही जमलं नाही, आणि व्यंकोजी रातोरात नदी ओलांडून परत गेले. घरोघरच्या वाटण्यांत जे होतं तेच! पुढे समेट झाला, तेव्हा महाराजांनी भावजयीला, दीपाबाईंना, चोळीबांगडीसाठी मुलूख दिला.

व्यंकोजींचे चिरंजीव शहाजीराजे. यांची कारकीर्द १६८४ ते १७१२. स्वतः नाटककार. तेलुगूत लिहिलं, मराठीत लिहिलं, एका नाटकात तर पाच भाषा एकत्र आणल्या. ‘लक्ष्मीनारायण कल्याण’ हे त्यांचं मराठी नाटक. सांगलीला विष्णुदास भाव्यांचं ‘सीतास्वयंवर’ झालं १८४३ मध्ये. मराठी रंगभूमीचा जन्म आपण तिथून मोजतो आणि मोजायला हरकतही नाही. फक्त त्याच्या सव्वाशे वर्षांहून आधी कावेरीकाठी मराठीत नाटकं लिहिली जात होती, एवढं ध्यानात असू द्यावं.

आता सरफोजीराजे. जन्म १७७७ चा. तुळजाराजांनी त्यांना दत्तक घेतलं, पण तुळजाराजे वारल्यावर गादीवर बसले त्यांचे सावत्र भाऊ अमरसिंह. पोरवयातल्या सरफोजींचा सांभाळ केला तो श्वार्ट्झ नावाच्या मिशनऱ्याने. सरफोजी पुढे मद्रासला राहिले, इंग्रजी शिकले. धर्म मात्र आपलाच ठेवला. तंजावरच्या चर्चमध्ये आजही एक संगमरवरी शिल्प आहे. श्वार्ट्झ शेवटच्या घटका मोजतोय आणि पगडी घातलेले सरफोजी त्याच्याजवळ उभे आहेत. ते लंडनच्या फ्लॅक्समन या नामांकित शिल्पकाराकडून राजांनीच करवून घेतलं.

१७९८ मध्ये इंग्रजांच्या ईस्ट इंडिया कंपनीने त्यांना गादीवर बसवलं आणि पुढच्याच वर्षी मोल वसूल केलं. १७९९ चा तह झाला. राज्य कंपनीचं. राजाला वर्षाला एक लाख पॅगोडा, म्हणजे तिकडची सोन्याची नाणी, आणि निव्वळ वसुलाचा पाचवा हिस्सा. हुकूम चालणार तो किल्ल्यात आणि आसपास. वय अवघं बावीस!

अशा राजाने काय करावं? नबाबी थाटात दिवस काढणारे पुष्कळ होते. सरफोजींनी चार वर्षांत, १८०३ मध्ये, मोठ्या देवळाच्या आवाराच्या भिंतीवर भोसले कुळाचा सगळा इतिहास मराठीत कोरून घेतला. मजकूर बाबूराव चिटणिसांचा. ज्या देवळात राजराजाने आपलं देणं-घेणं कोरलं, तिथेच. मला वाटतं जागेची ही निवड पुरती विचार करून केलेली होती. कंपनीने मुलूख घेतला, पण ही भिंत काही तिला नेता येणार नव्हती.

मग राजवाड्यातला ग्रंथसंग्रह, सरस्वती महाल. तो नायकांपासूनचा, पण वाढवला सरफोजींनी. काशीयात्रेला गेले तरी तिथून पोथ्या. युरोपातून पुस्तकं मागवली, त्यांतल्या कितीकांवर त्यांची इंग्रजी सही आहे. ताडपत्रं आणि कागद मिळून तिथे चाळीस हजारांहून अधिक ग्रंथ आहेत. संस्कृत सर्वांत जास्त, पण मराठी हस्तलिखितंही तीन हजारांच्या वर. तिथल्या प्रदर्शनात ल ब्रां या फ्रेंच चित्रकाराची चित्रं लावलेली आहेत. माणसाचा चेहरा आणि शेजारी घुबडाचा, माणूस आणि शेजारी बैल. शाळेची सहल आली की सगळी पोरं तिथेच खोळंबतात आणि मास्तरांकडे बघून हसतात.

त्याहून नवल आहे ते रोग्यांच्या कागदांचं. धन्वंतरी महाल हा त्यांचा दवाखाना. तिथे मोतीबिंदूच्या शस्त्रक्रिया होत. रोग्याची हकिकत लिहून ठेवलेली आणि सोबत त्याच्या डोळ्याचं रंगीत चित्र काढलेलं. दोनशे वर्षांपूर्वी! छापखानाही काढला आणि १८०६ मध्ये इसापच्या गोष्टी मराठीत, देवनागरी टायपात छापल्या. ‘बालबोधमुक्तावलि’ हे त्या पुस्तकाचं नाव. दरबारात चिन्नय्या, पोन्नय्या, शिवानंदम आणि वडिवेलू हे चौघे भाऊ होते. आजच्या भरतनाट्यमच्या कार्यक्रमात सुरुवातीच्या अलारिप्पूपासून शेवटच्या तिल्लानापर्यंत जो क्रम असतो, तो बसवला या भावांनी.

एक गोष्ट मात्र खटकते, तीही सांगतो. इंग्रजांनी नेपोलियनला हरवलं म्हणून या राजाने समुद्रकाठी मनोरा बांधला. अजून उभा आहे. ज्यांनी राज्य घेतलं त्यांच्याच विजयाचा मनोरा! कृतज्ञता म्हणा, नाइलाज म्हणा. मला तरी तो नाइलाजच वाटतो.

सरफोजी १८३२ मध्ये वारले. त्यांचे पुत्र शिवाजीराजे १८५५ मध्ये गेले, मुलगा नव्हता, आणि कंपनीने उरलंसुरलं खालसा करून राजवाड्यातली खासगी मालमत्ताही जप्त केली. थोरल्या राणी कामाक्षीबाई गप्प बसल्या नाहीत, कोर्टात गेल्या. मद्रासला निकाल त्यांच्या बाजूने लागला. १८५९ मध्ये लंडनच्या प्रिव्ही कौन्सिलने, म्हणजे तेव्हाच्या सर्वांत वरच्या अपील कोर्टाने, तो फिरवला. ही राज्यसत्तेची कृती, तिची चौकशी कोर्टाला करता येत नाही, असं म्हणून. कायद्याच्या वर्गात हा खटला आजही शिकवतात.

सरस्वती महाल १९१८ मध्ये सर्वांसाठी खुला झाला. दरबारच्या मोडी कागदांतल्या बऱ्याच मजकुराचे तमिळ अनुवाद तंजावरच्या तमिळ विद्यापीठाने छापले आहेत. तेव्हा तमिळ अभ्यासक ते बसल्या जागी वाचतात. आपल्यापैकी कुणाला मोडी येत असेल तर त्याने एकदा त्रिचीची गाडी धरावी, तिथून तंजावर तासा-दीड तासावर आहे. देवळात सकाळी लवकर जा, दुपारी दगडी फरशीवर अनवाणी पाय ठेववत नाही.

नमस्कार.