थोरल्याला उठून जाता आलं पाहिजे

(कुत्री पाळणाऱ्या कुटुंबांसाठी एका पशुवैद्य महिलेने दिलेल्या व्याख्यानाचं संपादित शब्दांकन)

मंडळी, घरात एक वयस्क कुत्रा आहे आणि आता पिल्लू आणायचंय, असं ठरवून जी कुटुंबं माझ्याकडे येतात, त्यांच्या तोंडी बहुधा दोन वाक्यं असतात. एक, "आमच्या म्हाताऱ्याला सोबत होईल." आणि दुसरं, "आमचा शहाणा आहे, तोच पिल्लाला सगळं शिकवेल." दोन्ही वाक्यं मायेपोटी आलेली असतात. पण ज्याच्यावर हे काम सोपवायचं, त्याला कुणी विचारलेलं नसतं. म्हणून आज मी त्या थोरल्याच्या, घरातल्या वयस्क कुत्र्याच्या बाजूने बोलणार आहे.

सुरुवात रस्त्यावरून करू. कोलकात्याच्या आयसर या विज्ञान शिक्षण-संशोधन संस्थेत अनिंदिता भद्र आणि त्यांचे सहकारी पश्चिम बंगालमधल्या मोकळ्या फिरणाऱ्या कुत्र्यांचा बरीच वर्षं अभ्यास करत आहेत. त्यांच्या निरीक्षणांतून असं दिसलं की पिल्लांकडे फक्त आईच बघत नाही. टोळीतल्या दुसऱ्या माद्या बघतात, काही वेळा नरही त्यांच्याशी खेळतात, राखण करतात. एखादं धीट पिल्लू आईची नजर चुकवून दुसऱ्याच मादीचं दूध पिऊन घेतं. आपल्याकडच्या एकत्र कुटुंबासारखंच आहे हे. तेव्हा थोरल्याला लहानग्याची माया असू शकते, यात शंका नाही.

पण गल्लीत एक सोय असते, ती आपल्या लक्षात येत नाही. पिल्लांचा वैताग आला की मोठा कुत्रा उठतो आणि चालू लागतो. दुकानाच्या ओट्यावर, उभ्या गाडीच्या टपावर, वाळूच्या ढिगावर जाऊन बसतो. पिल्लाला तिथे चढता येत नाही. आई दूध तोडायला लागते, तेव्हा तीही अशीच उठून जाते. दोन बेडरूमच्या फ्लॅटमध्ये थोरल्याने जायचं कुठे? सोफ्याखालून पलंगाखाली, पलंगाखालून गॅलरीत, आणि पिल्लू मागोमाग आहेच. मला आज सांगायचंय ते एवढंच, की थोरल्याला उठून जाता आलं पाहिजे. पिल्लाचं शिक्षण त्यानंतर.

एक दृश्य बघा. संध्याकाळची वेळ, हॉलमध्ये टीव्ही चालू आहे. दहा वर्षांचा लॅब्रॅडोर फरशीवर पसरलाय आणि अडीच महिन्यांचं देशी पिल्लू त्याच्या कानाला लोंबकळतंय. घरचे कौतुकाने व्हिडिओ काढतायत. थोरला आधी तोंड दुसरीकडे वळवतो. समोर खायला काही नसताना नाकावरून जीभ फिरवतो. झोप आलेली नसताना जांभई देतो. मग एकदम स्थिर होतो, शेपटीचं टोकसुद्धा हलत नाही. डोळ्याच्या कोपऱ्यात पांढरं दिसायला लागतं. यातलं प्रत्येक लक्षण म्हणजे "पुरे आता". पिल्लाला ते अजून कळत नाही आणि आपलं लक्ष मोबाइलच्या पडद्यावर. शेवटी तो गुरगुरतो. तेव्हा मात्र सगळ्यांना ऐकू येतं आणि लगेच, "ए, लहान आहे ना तो! गप!"

गुरगुरल्याबद्दल त्याला रागावू नका, ही माझी हात जोडून विनंती आहे. गुरगुरणं म्हणजे चावणं टाळण्याचा प्रयत्न. त्याबद्दल चार वेळा ओरडा खाल्लेला कुत्रा पाचव्या वेळी न गुरगुरता थेट दात लावू शकतो, आणि मग "काही कारण नसताना अचानक चावला" अशी तक्रार येते. गुरगुर ऐकली की उठा, पिल्लाला शांतपणे उचलून बाजूला न्या, त्याच्या तोंडात चघळायला दुसरं काहीतरी द्या. थोरल्याला काही म्हणू नका.

त्याच्या चिडचिडीमागे बऱ्याचदा दुखणं असतं. इंग्लंडमधल्या लिंकन विद्यापीठातल्या डॅनियल मिल्स आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी 2020 मध्ये मांडलं, की वागणुकीच्या तक्रारीसाठी त्यांच्यासारख्या तज्ज्ञांकडे पाठवलेल्या प्राण्यांपैकी, अगदी हात राखून अंदाज केला तरी, साधारण एक तृतीयांश प्राण्यांमध्ये काही ना काही वेदना असते. काही तज्ज्ञांकडच्या नोंदींत हे प्रमाण 80 टक्क्यांच्या आसपास जातं. कुत्रा कण्हत नाही म्हणजे त्याला दुखत नाही, असं नसतं. तो गाडीत उडी मारायच्या आधी थबकतो, बसताना एक मांडी बाहेर टाकतो, जिना उतरताना तिरका होतो. आपल्या गुळगुळीत फरश्या तर संधिवाताच्या कुत्र्याला शिक्षाच आहेत. मागचे पाय फाकतात, आणि वर पिल्लू अंगावर येऊन आदळतं. म्हणून पिल्लू आणायच्या आधी थोरल्याला तपासून घ्या: सांधे, दात, कान, डोळे. ऐकू कमी येत असेल तर मागून धावत येणारं पिल्लू त्याला धडक बसेपर्यंत कळतही नाही. त्याच्या रोजच्या वाटेवर सतरंज्या किंवा रबरी मॅट अंथरा. तेवढ्यानेही फरक पडतो.

मग जागा. रांगत्या बाळासाठी दारात लावतात ते फाटक आणा, नाहीतर सुताराकडून फळी करून घ्या. फाटकापलीकडे थोरल्याचं अंथरूण, त्याचं पाणी. तो तिथे गेला की पिल्लू मागे जाणार नाही, आणि घरातली मुलंही "चल ना, खेळ ना" म्हणून त्याला ओढून आणणार नाहीत. जेवण तर वेगळंच. दोघांच्या थाळ्या दोन खोल्यांत, आणि खाणं संपलं की उचलायच्या. थोरला किडनीच्या पथ्यावर असेल तर पिल्लाचं वाढीचं खाणं त्याच्या पोटात जाणं बरं नाही. मोठ्या जातीचं पिल्लू असेल तर "हाडं मजबूत होतील" म्हणून मनानेच कॅल्शियमचं औषध सुरू करू नका. जास्तीच्या कॅल्शियमने त्यांची हाडं बिघडतात.

पहिली भेट घरात नको. बाहेर, दोघांपैकी कुणाचीच हक्काची नसलेल्या जागी, दोन माणसं, दोन पट्टे, मधे अंतर ठेवून थोडं सोबत चालायचं. लसी पूर्ण झालेल्या नसतील तर पिल्लू कडेवर. घरी आल्यावरही भेटी छोट्या ठेवा. आणि पिल्लाला झोपू द्या. दिवसाचे 18 ते 20 तास ते झोपेत घालवू शकतं, आणि संध्याकाळी अंगात वारं शिरल्यासारखं जे धावतं, चावतं, ते पुष्कळदा दुपारी न झोपलेलं पिल्लू असतं. त्याची झोपेची वेळ ही थोरल्याची तुमच्याजवळ बसायची वेळ. ती त्याला रोज मिळाली पाहिजे.

आता, थोरला शिकवतो का? काही गोष्टी शिकवतो, आणि याचा सुंदर पुरावा आहे. दक्षिण आफ्रिकेत स्लॅबर्ट आणि रासा या दोन संशोधकांनी 1997 मध्ये प्रसिद्ध केलेल्या कामात जर्मन शेपर्डची काही पिल्लं, वयाच्या 6 ते 12 आठवड्यांत, आपली आई लपवलेले अमली पदार्थ हुडकून काढते ते नुसती बघत होती. सहा महिन्यांची झाल्यावर चाचणी घेतली, तर न बघितलेल्या पिल्लांपेक्षा ती सरस ठरली. पुढे 2018 मध्ये बुडापेस्टच्या क्लॉडिया फुगाझ्झा आणि सहकाऱ्यांनी दाखवलं, की आठ आठवड्यांचं पिल्लू खाऊची पेटी उघडायला अनोळखी कुत्र्याकडून, इतकंच नव्हे तर माणसाकडूनही बघून शिकतं.

पण बघून शिकणारं पिल्लू हवं तेवढंच उचलत नाही. थोरला बेल वाजली की भुंकत दाराकडे धावत असेल, तर आठवड्याभरात दोघं धावतील. दिवाळीत फटाक्यांना घाबरून तो बाथरूममध्ये थरथरत बसत असेल आणि पिल्लू त्याच्या शेजारी असेल, तर त्याची भीती पिल्लालाही लागू शकते. म्हणून ढोल-ताशा, कुकरची शिट्टी, मिक्सर, लिफ्ट या सगळ्यांची ओळख पिल्लाला एकट्याने, हळू आवाजापासून आणि प्रत्येक वेळी खाऊ देत करून द्या. हे काम लवकर करायचं असतं. अमेरिकेत बार हार्बरच्या जॅक्सन प्रयोगशाळेत जॉन पॉल स्कॉट आणि जॉन फुलर यांनी पिल्लांच्या वाढीवर जे काम केलं, त्यापासून आपल्याला माहीत आहे की साधारण तिसऱ्या ते बारा-चौदाव्या आठवड्यापर्यंत जग स्वीकारायची तयारी सर्वांत जास्त असते. आणि पार्वो-डिस्टेंपर या पिल्लांच्या जीवघेण्या रोगांवरच्या लसींचे डोस सोळाव्या आठवड्यापर्यंत चालतात, म्हणजे ते संपेपर्यंत थांबलात तर ही वेळ निघून जाते! म्हणून कडेवर घेऊन फिरवा, रिक्षात बसवा, गच्चीत न्या, लसीकरण झालेल्या निरोगी कुत्र्यांच्या घरी न्या. रस्त्याकडेची माती मात्र हुंगू देऊ नका, पार्वोचा विषाणू जमिनीत कित्येक महिने टिकतो.

थोरल्याचा नाद सोडता येणं हे मात्र पिल्लाला तुम्हीच शिकवायचं. पद्धत साधी आहे. थोरला त्याच्या मॅटवर. पिल्लू हलक्या पट्ट्यावर, तुमच्या हातात, दोन-तीन पावलं लांब. पिल्लू थोरल्याकडे बघेल, ओढेल. तुम्ही जागच्या जागी उभे राहा, पट्ट्याला झटका नाही, आवाज नाही. कधीतरी ते मागे वळून तुमच्याकडे बघेल. त्याच क्षणी "छान!" आणि उकडलेल्या चिकनचा नाहीतर पनीरचा नखाएवढा तुकडा. लगेच एक तुकडा थोरल्यालाही, कारण पिल्लू जवळ असताना चांगलं घडतं हे त्यालाही समजायला हवं. पाच मिनिटं पुरतात. काही दिवसांनी नाव घेतलं की पिल्लू खेळ सोडून तुमच्याकडे यायला लागतं. हे जमेपर्यंत दोघांना नजरेआड एकत्र सोडू नये.

रोज एक फेरी प्रत्येकाची वेगळी हवी. थोरल्याला खाली नेल्यावर पिल्लू दारामागे रडून आकांत करत असेल, तर ते तुमच्यापेक्षा त्याच्याशी बांधलं गेलंय. थोरला कायमचा असणार नाही, हे लक्षात ठेवून पिल्लाला थोडं थोडं एकटं राहायला आत्ताच शिकवा.

पिल्लाच्या पाचव्या-सहाव्या महिन्यात बरेच मोठे कुत्रे एकदम कडक होतात, तेव्हा घाबरू नका. एक मोठा भुंकारा, पिल्लू मागे, आणि पुढच्या मिनिटाला दोघं आपापल्या वाटेने, हे चालतं. खाली दाबून न सोडणं, रक्त येणं, खोलीच्या पलीकडून टक लावून वाट अडवणं, हे चालत नाही. तसं दिसलं की दोघांना वेगळं करून डॉक्टर गाठा.

काही घरांना मी "आत्ता नको" असंच सांगते. थोरला तेरा-चौदा वर्षांचा आहे, रात्री भ्रमिष्टासारखा घरात फिरतो, उठायला आधार लागतो, तिथे पिल्लू ही त्याला सोबत नव्हे. सोबतच हवी असेल आणि थोरला धडधाकट असेल, तर आश्रयगृहातल्या पाच-सहा वर्षांच्या शांत कुत्र्याचा विचार करा. त्याचा स्वभाव तयार झालेला असतो, दोघांना आधी बाहेर दोन-तीनदा एकत्र फिरवून बघता येतं, आणि थोरल्याने तोंड फिरवलं तर "नाही जमत" म्हणायला अजून वेळ असतो.