पिक्चर ट्यूबची अदलाबदल

जालन्यातील एका दुरुस्तीच्या दुकानात, पत्र्याच्या छपराखाली, नाणे टाकून खेळायचे एक जुने व्हिडिओ गेम मशीन पाठीकडून उघडून ठेवले आहे. ते बंद असतानाही त्याच्या काचेवर ‘इन्सर्ट कॉइन’ ही अक्षरे पुसट वाचता येतात, कारण वर्षानुवर्षे तेच शब्द त्याच जागी उजळत राहिल्यामुळे तिथला फॉस्फर, म्हणजे काचेच्या आतला उजळणारा लेप, जळून गेला आहे.

मशीन आले तेव्हा चित्राची उंची आक्रसलेली होती आणि कडा लाटेसारख्या हलत होत्या. हा दोष ट्यूबचा नव्हता, सर्किटवरच्या कंडेन्सरांचा होता. त्यांच्यातील द्रव उष्णतेने सुकत जातो आणि तापमान १० अंशांनी वाढले की त्यांचे आयुष्य साधारण निम्मे होते, असा ठोकताळा आहे. मराठवाड्याच्या मे महिन्यात, जेव्हा सावलीतच पारा ४० च्या पुढे असतो, तेव्हा प्लायवूडच्या बंद खोक्यात त्यांचे काय होत असेल, याची कल्पना करता येते. दुकानाचे मालक, ज्यांना सगळे काका म्हणतात, त्यांनी ते सर्व कंडेन्सर बदलले आणि फ्लायबॅकच्या, म्हणजे ट्यूबला उच्च व्होल्टेज पुरवणाऱ्या ट्रान्सफॉर्मरच्या, पायांशी तडकलेले सोल्डर नव्याने भरले. चित्र पुन्हा पूर्ण उंचीचे आणि स्थिर झाले. अक्षरे मात्र गेली नाहीत.

ती घालवायची तर ट्यूबच बदलावी लागणार होती. तिच्या जागी एलसीडीचा सपाट पडदा बसवण्याचा सल्ला अनेकांनी दिला. ते सोपे आहे, पण खेळाचे बोर्ड सेकंदाला सुमारे १५ हजार ७०० रेषा पाठवते आणि संगणकाच्या मॉनिटरला त्याच्या दुप्पट लागतात, म्हणून मध्ये हा वेग बदलणारा कन्व्हर्टर घालावा लागतो. कन्व्हर्टर चित्र क्षणभर साठवून मग पुढे देतो, आणि ज्या लढतीत सेकंदाच्या साठाव्या भागात डाव फिरतो तिथे हा उशीर खेळणाऱ्याच्या हाताला जाणवतो. आमच्या मते जोवर ट्यूब मिळते आहे, तोवर ट्यूबच बसवावी.

आणि ती इथे मिळते. छत्रपती संभाजीनगरहून पैठणला जाणाऱ्या रस्त्यावर, चितेगावला, व्हिडिओकॉनचे दूरचित्रवाणी संच तयार होत असत, आणि असे जुने संच आजही आपल्याकडच्या घरांच्या माळ्यांवर पडून आहेत. आपल्या टीव्हीच्या रेषांचा वेग सेकंदाला १५ हजार ६२५ असतो, म्हणजे खेळाच्या बोर्डाच्या अगदी जवळचा, म्हणूनच घरातल्या टीव्हीची ट्यूब या मशीनला चालू शकते. मात्र मानेवरच्या पिनांची रचना जुळावी लागते आणि योकच्या, म्हणजे मानेभोवती बसून किरणांना दिशा देणाऱ्या भागाच्या, वेटोळ्यांचा रोध व इंडक्टन्स (प्रवाहातील बदलाला होणारा विरोध) मूळ योकच्या आसपास असावा लागतो. काकांनी तीन संच मोजून पाहिले. तिसऱ्याचे माप जुळले. टीव्हीचा योक त्यांनी ट्यूबवरून हलवलाच नाही, कारण तो हलला की रंग एकमेकांवर बसवण्याचे सारे काम मुळापासून करावे लागते.

जुनी ट्यूब काढण्यापूर्वी तिच्यातला भार उतरवणे हा या कामातील सर्वांत जपून करण्याचा भाग आहे. मशीन चालू असताना अ‍ॅनोडवर, म्हणजे ट्यूबच्या पाठीवर रबरी टोपीखाली असलेल्या जोडावर, २० हजारांहून अधिक व्होल्ट असतात आणि प्लग काढल्यानंतरही काच तो भार धरून ठेवते. काका ट्यूबच्या पाठीवरील काळ्या लेपाला टेकलेल्या अर्थच्या तारेशी स्क्रू ड्रायव्हर जोडतात, डावा हात पाठीमागे घेतात आणि पाते रबरी टोपीखाली सरकवतात. चट् असा आवाज होतो. थोड्या वेळाने ते हेच पुन्हा करतात, कारण काचेत मुरलेला भार हळूहळू वर येतो.

संध्याकाळी नवी ट्यूब लागली. पांढऱ्या चौकटींची जाळी पडद्यावर आणून काकांनी फोकस आणि ब्राइटनेस जुळवले, कोपऱ्यात उरलेली हिरवट छटा डीगॉसिंग कॉइल, म्हणजे नको असलेले चुंबकत्व घालवणारे वेटोळे, फिरवून घालवली, आणि मग शेजारच्या दोन मुलांना खेळायला बोलावले.

जुनी ट्यूब भंगारात द्यायची नाही, कारण तिच्या मागच्या काचेत शिसे असते. ती पोत्यात गुंडाळून दुकानाच्या कोपऱ्यात ठेवली आहे. पोते बाजूला केले की ती अक्षरे अजून वाचता येतात.