आधी विक्री, मग छपाई: चित्र कापडावर उतरतं तेव्हा

नमस्कार. हा स्टोल बघा.

(स्टोल उलगडून कॅमेऱ्यासमोर)

यावरची काजूची बोंडं मी जलरंगात रंगवली, चिपळूणच्या घरी, मागच्या पडवीत बसून. मी तो मागवला त्या दिवसापर्यंत हा स्टोल नव्हताच. कापड पांढरं होतं, चित्र संगणकात होतं. आधी पैसे भरले गेले, मग छपाई झाली. याला प्रिंट ऑन डिमांड म्हणतात. चित्रं काढणाऱ्या प्रत्येकाला हे आतून कळावं, म्हणून हा व्हिडिओ.

पूर्वी टी-शर्ट छापायचा म्हणजे स्क्रीन प्रिंटिंग. एक रंग, एक स्क्रीन. पाच रंगांचं चित्र असेल तर पाच जाळ्या बनवायच्या, आणि तो खर्च एक शर्ट छापा नाहीतर दोनशे, तेवढाच. म्हणून छापणारा म्हणतो, ‘किमान पन्नास पीस तरी घ्या.’ पन्नास घ्यायचे तर स्मॉल किती, डबल एक्सएल किती, हे आधीच ठरवावं लागतं. शेवटी एक साइझ संपते आणि बाकीचे खोके पलंगाखाली जातात.

2000 साली शिकागोत थ्रेडलेस ही टी-शर्टची वेबसाइट सुरू झाली. कलाकार डिझाइन पाठवायचे, लोक मतं द्यायचे, निवडलेलं छापलं जायचं. निवड लोकांकडे गेली, पण माल तरी आधी छापूनच ठेवावा लागे. ती अट डिजिटल छपाईने सोडवली. पुढे कलाकारांची चित्रं ऑर्डर आल्यावर वस्तूंवर छापून देणाऱ्या वेबसाइट आल्या: 2006 साली मेलबर्नमध्ये रेडबबल, 2008 साली अमेरिकेत स्पूनफ्लॉवर. स्पूनफ्लॉवरवर तर तुमच्या डिझाइनचं नुसतं कापडच छापून मिळतं. आपल्याकडे होजियरीचं मोठं केंद्र म्हणजे तामिळनाडूतलं तिरुपूर. कोरे टी-शर्ट तिथेच तयार होतात, त्यामुळे अशी छपाई करणारेही तिथे आहेत.

आता मशीनकडे येऊ. इथे मी थोडी रेंगाळणार आहे, कारण बहुतेक कलाकार इथेच फसतात.

(दोन टी-शर्ट, एक पांढरा, एक काळा)

सुती टी-शर्टवर डीटीजी, म्हणजे थेट कपड्यावर छपाई. घरच्या इंकजेट प्रिंटरसारखीच शाई फवारली जाते. पांढऱ्यावर सोपं आहे. काळ्यावर आधी एक द्रव फवारून वाळवतात, मग पांढऱ्या शाईचा थर देतात, त्यावर तुमचे रंग, आणि शेवटी साधारण 160 अंशांची उष्णता. ती उष्णता कमी पडली तर दोन-तीन धुण्यांत रंग उतरतो.

दुसरी पद्धत सब्लिमेशन. शाई उष्णतेने वायू होऊन धाग्यात शिरते. रंग झगझगीत येतात, टिकतातही. पण ती पॉलिएस्टरलाच धरते, सुताला नाही. शिवाय पांढरी शाई नसते, म्हणून कापड पांढरं किंवा फिकट लागतं. काठापासून काठापर्यंत छापलेल्या स्वस्त पिशव्या आणि स्कार्फ बहुतेक पॉलिएस्टरचे का असतात, ते यावरून कळेल.

आणि हा माझा स्टोल मोडालचा, म्हणजे लाकडाच्या लगद्यापासून बनणाऱ्या मऊ धाग्याचा. यावर रिअ‍ॅक्टिव्ह छपाई आहे. आधी कापडावर रसायन चढवतात, छापतात, वाफ देतात, मग खळखळून धुतात. रंग धाग्याशी रासायनिक बंधाने जोडला जातो, त्यामुळे बोट फिरवलं तरी छपाईचा थर जाणवत नाही. एकेका स्टोलसाठी वाफ देणं परवडत नाही, म्हणून वेगवेगळ्या लोकांच्या ऑर्डरी एकाच ताग्यावर लावतात. माझ्या काजूशेजारी दुसऱ्याच कुणाची मांजरं छापलेली असू शकतात. मला ही गोष्ट फार आवडते.

फाइलबद्दल पटकन सांगते. छातीवर 30 सेंटिमीटर रुंद चित्र 300 डीपीआयने, म्हणजे इंचाला 300 ठिपके, हवं तर साधारण 3,500 पिक्सेल रुंदी लागते. दोन मीटरच्या स्टोलला 150 डीपीआय धरलं तरी 11,800. मोबाइलवर काढलेला फोटो तेवढा ताणू नका. स्क्रीनवरचा चमकता निळा शाईत तसाच येत नाही. माझ्या पहिल्या नमुन्यात समुद्र जांभळा आला होता. म्हणून विकायला लावण्याआधी एक नग स्वतः विकत घ्या, पाच वेळा धुवा, मगच त्याचे फोटो टाका.

पैशांचं गणित नीट वाचा. ‘20 टक्के मार्जिन’ बऱ्याचदा मूळ किमतीवर, म्हणजे वेबसाइट स्वतः घेते त्या रकमेवर असतं. मूळ किंमत 500 असेल तर ग्राहक 600 देतो आणि तुमचे 100, म्हणजे विक्रीच्या जेमतेम 17 टक्के. त्यातून खातं चालवण्याची वेगळी फी कापली जाते का, तेही बघा.

आता कायदा. हा भाग प्रत्येकाने ऐकावा असं मला मनापासून वाटतं. कॉपीराइट कायदा, 1957, कलम 15. जे डिझाइन डिझाइन कायद्याखाली नोंदवता आलं असतं पण नोंदवलं नाही, ते औद्योगिक पद्धतीने पन्नासहून जास्त वेळा वस्तूंवर उतरलं की त्यावरचा कॉपीराइट संपतो. मूळ चित्र आणि वस्तूसाठी केलेलं डिझाइन यांत न्यायालयं फरक करतात, पण तो वाद लढायची वेळ कशाला येऊ द्यायची? नोंदणी केली तर 10 वर्षं संरक्षण, पुढे 5 वर्षं वाढवता येतं. मात्र डिझाइन नवं हवं. आधीच सगळीकडे टाकलं असेल तर नवेपणाच उरत नाही. आणि कॉपीराइटचे हक्क कुणाला लिहून देताना मुदत घाला. मुदत लिहिली नाही तर कायदा 5 वर्षं धरतो.

काजूचं डिझाइन मी नोंदणीआधीच ऑनलाइन टाकलं होतं, तेव्हा मला हे ठाऊक नव्हतं. आता फणसाच्या पानांचं नवं केलंय. त्याचा अर्ज भरते आहे, म्हणून ते आज तुम्हालाही दाखवत नाही.