वरची नळी

(पडदा काळा. करवतीचा आवाज. मग पातं, अगदी जवळून.)

इंचाला 32 दात. नळी पातळ असली की पातं बारीक दातांचं लागतं. मोठ्या दाताचं लावलं, तर दात नळीच्या काठात अडकतो आणि मोडतो.

कापली जातेय ती सायकलची वरची नळी. सायकल 28 इंची, काळी, दांडीच्या ब्रेकची. घेतली तेव्हा घेणाऱ्याला पिंपरीच्या एका कारखान्यात नुकती नोकरी लागली होती, टूलरूममध्ये, म्हणजे हत्यारं आणि साचे बनतात त्या विभागात. आज त्यांनी सत्तरी ओलांडली आहे, आणि करवत त्यांच्याच हातात आहे. आम्ही सगळे त्यांना काका म्हणतो. नाव कुठे यायला नको, हे त्यांनी पहिल्याच दिवशी सांगून टाकलं.

(नळीवरून कॅमेरा सावकाश सरकतो.)

हँडलपासून वीतभर मागे, रंग गेलेला एक पट्टा दिसतो. तिथे लहान मुलाची सीट बसवलेली असायची.

दारात उभी आहे, ती त्यांची मुलगी.

(इथे निवेदन नाही. करवत चालू राहते. नळी सुटते, फरशीवर पडते. तो आवाज पूर्ण जाऊ द्यावा.)

सायकल आता नातीला हवी आहे. अडचण एवढीच, की मागच्या कॅरिअरवर दप्तर बांधलं की पाय मागून टाकता येत नाही, आणि पुढून घालायला ही नळी आड येते. नवी लेडीज सायकल बाजारात मिळते. काकांना ते माहीत आहे. त्यावर आमचं बोलणं झालं नाही.

(धायरी, पुण्याच्या कडेला. घरामागची पत्र्याची शेड. सकाळ.)

धायरी-नऱ्हे भागात अशा शेडना तोटा नाही. कुठे लेथ, कुठे पॉवर प्रेस, कुठे नुसतंच ग्राइंडर आणि रेडिओ. काकांच्या शेडमध्ये भिंतीला एक मजबूत व्हाइस, म्हणजे काम आवळून धरायचा शिकंजा आहे, कानशींची एक रांग आहे, आणि ऑक्सिजनचा सिलिंडर साखळीने बांधून ठेवलेला आहे. झाळताना दोन्ही दारं उघडी, बाजूला वाळूची बादली. या दोन गोष्टी झाल्याशिवाय ते काडी पेटवत नाहीत.

एके काळी पुणं सायकलींचं शहर होतं, हे वाक्य आता इतक्या वेळा म्हटलं जातं, की त्यात काही उरलेलं नाही. म्हणून नुसत्या वस्तू बघू. हा पितळी बिल्ला: सायकलला पालिकेचा कर असायचा, तो भरल्याची खूण. हा डायनॅमो: दिवा नसला, तर अंधार पडल्यावर चौकातला पोलीस अडवायचा. डबल सीट दिसली, तरी अडवायचा. तेव्हा पाठीमागचा माणूस चौकाच्या अलीकडे उतरून पलीकडे परत बसायचा. तासाच्या भाड्याने सायकल देणारी दुकानं होती, आणि वर्षातून एकदा सायकल 'ओव्हरऑइलिंग'ला जायची. मूळ इंग्रजी शब्द ओव्हरहॉलिंग. पण आपल्याकडे त्यात शेवटी तेलच घालतात, तेव्हा आपलाच शब्द जास्त बरोबर.

खडकीचा दारूगोळ्याचा कारखाना 1869चा. नंतर पिंपरी-चिंचवडला मोठे कारखाने आले. पाळी सुटली की रस्त्यावर सायकलींचा लोंढा असायचा. त्यातली फार थोडी माणसं सायकल दुकानात दुरुस्त करून घेत. ज्याच्या हातात दिवसभर कानस, तो घरी येऊन पायंडलाची दांडी आसाला धरून ठेवणारी कॉटर पिन दुसऱ्याकडून कशाला ठोकून घेईल?

आणि याची दुसरी बाजूही आहे. 1888 साली बेळगावात लक्ष्मणराव किर्लोस्करांनी दुकान काढलं, ते सायकलींचं. लोखंडी नांगर पुढचा, 1910ची किर्लोस्करवाडी त्याच्याही पुढची, आणि खडकीतली ऑइल इंजिनं तर स्वातंत्र्याच्या उंबरठ्यावरची. महाराष्ट्रातल्या कारखानदारीचा एक मोठा धागा सायकलच्या दुकानातून निघतो. तो मागे धरत गेलं, तर अशाच एखाद्या शेडपाशी येऊन थांबायला हरकत नाही.

(व्हाइसमध्ये नळी. कानस.)

आता काम.

वरची नळी काढली आणि तिथे काहीच घातलं नाही, तर सांगाडा पहिल्याच खड्ड्यात उघडेल. सायकलचा सांगाडा म्हणजे जोडलेले दोन त्रिकोण. जॉन केम्प स्टार्ली याने 1885 साली इंग्लंडमधल्या कॉव्हेंट्रीत 'रोव्हर' ही सायकल काढली. तिच्यानंतर थोड्याच वर्षांत ही आकृती ठरली आणि तेव्हापासून फारशी हललेली नाही. त्रिकोण मोडायचा असेल, तर भार दुसऱ्या वाटेने न्यावा लागतो.

काकांनी घेतलेली वाट फ्रेंचांची आहे. पुढच्या हेडपासून, म्हणजे हँडल ज्यात फिरतं त्या आखूड नळीपासून, दोन बारीक नळ्या निघतात, सीटच्या नळीच्या दोन बाजूंनी तिरक्या उतरतात आणि थेट मागच्या चाकाच्या आसापाशी जाऊन मिळतात. याला मिक्स्ट म्हणतात. आपल्या नेहमीच्या लेडीज सायकलमध्ये खाली उतरणारी नळी सीटच्या नळीवर मध्येच येऊन धडकते, आणि तिथे सीटची नळी वाकायला बघते. इथे भार तिथे न थांबता आसापर्यंत जातो.

नळ्या नव्या आहेत, 16 मिलीमीटरच्या, बिनजोड. जस्ताचा मुलामा दिलेली नळी काका शेडमध्ये येऊच देत नाहीत. ती तापवली की जस्ताचा धूर होतो आणि रात्री ताप भरतो. कारखान्यात पाहिलंय, एवढंच म्हणाले.

(कानशीचा जवळचा शॉट. लांब ठेवावा.)

नळीला नळी भिडवायची, तर पहिल्या नळीचं तोंड दुसरीच्या गोलाईत बसेल असं कोरावं लागतं. आधी ग्राइंडर, मग अर्धगोल कानस. पुढे जाताना दाब, मागे येताना उचल. दोन-चार हात मारले, की नळी जागेवर धरायची आणि पाठीमागे बल्ब लावून बघायची. फटीतून उजेड आला, तर परत व्हाइसमध्ये. या एका तोंडाला काकांना वीस मिनिटं लागली. अशी चार तोंडं. आम्ही एकच दाखवतोय, पण पूर्ण दाखवतोय.

पोलादाबद्दल एक गोष्ट इथेच सांगायला हवी, कारण दुकानात ती उलटी सांगतात. स्वस्त पोलाद आणि महाग पोलाद वजनाला जवळजवळ सारखंच असतं, आणि लवतंही जवळजवळ सारखंच. फरक ताकदीचा. महाग पोलाद जास्त ताण सोसतं, म्हणून त्याची नळी पातळ करता येते, आणि सायकल हलकी होते ती त्यामुळे. इंग्लंडच्या रेनॉल्ड्सने 1935 साली 531 नावाचं मिश्रण आणलं. त्याच्या वरच्या नळ्या टोकांना 0.8 आणि मध्ये 0.5 मिलीमीटर अशाही निघत. जोड जिथे तापतो तिथे जाड, बाकी पातळ. आपल्या काळ्या 28 इंचीला असली चैन नव्हती. ती सगळीकडे जाडच. पण जाड नळी चूक माफ करते, आणि घरी काम करणाऱ्याला ते फार सोयीचं पडतं.

अ‍ॅल्युमिनियमचं तसं नाही. सायकलीत वापरतात ते मिश्रण उष्णतेचे संस्कार करून कडक केलेलं असतं. जोडाला आच लागली की तो कडकपणा जातो आणि परत आणायला भट्टी लागते. शहरातल्या एका चकचकीत दुकानात आम्ही चिरलेली फ्रेम घेऊन गेलो होतो. तिथल्या मुलाने ती हातातही घेतली नाही. नवीन घ्या, म्हणाला. त्याची चूक नाही, त्याला शिकवलेलंच तेवढं आहे.

(शेड अंधारलेली. टॉर्च पेटतो.)

याला आता सगळे ब्रेझिंग म्हणतात. आपला शब्द झाळणं. कसबा पेठेतल्या तांबट आळीत तो अजून ऐकू येईल. वेल्डिंगमध्ये लोखंड स्वतः वितळतं. इथे ते वितळत नाही. पोलाद वितळायला 1500 अंशांच्या आसपास लागतात. पितळेची काडी साधारण 900ला पाणी होते. पोलाद नुसतं तापवायचं, आणि पितळ त्याच्या अंगाला धरतं.

जोडाला टाकणखाराचा लेप लावलाय. सोनार वापरतात तोच. तो आधी फुगतो, पांढरा होतो, मग बसतो. आणि एकदम काचेसारखा चकाकून वाहायला लागतो. काका ज्याची वाट बघतात तो क्षण हा. लोखंडाचा रंग केशरी. काडी टेकवली, की पितळ ज्योतीच्या मागे मागे पळतं. जिकडे गरम, तिकडे जातं. काडी ढकलायची नसते, आच सरकवायची असते. पांढरा धूर दिसला, तर जास्त तापलंय. पितळेतलं जस्त उडून चाललंय.

(निवेदन नाही. चारही जोड, सलग.)

पहिल्या दिवशी नुसते टाके घातले. दुसऱ्या दिवशी पूर्ण भरले, एकदा डावीकडचा, एकदा उजवीकडचा, आलटून पालटून. कारण गार होताना जोड आपल्याकडे ओढतो. एका बाजूचं काम संपवून दुसरीला हात घातला, तर सायकल केळीसारखी वाकेल.

थोडी वाकलीच.

(दोरा. पट्टी.)

हा तपास कुणीही घरी करू शकतो. मागच्या एका आसाच्या खाचेला दोरा बांधा, पुढच्या हेडला वळसा घाला, दुसऱ्या खाचेला आणून ताणा. मध्ये सीटच्या नळीपासून दोऱ्याचं अंतर दोन्हीकडे मोजा. सारखं हवं. इथे एकीकडे 23 मिलीमीटर, दुसरीकडे 26. काकांनी चष्मा काढला, पुसला, परत मोजलं. मग भिंतीला टेकवलेली सागाची पट्टी घेतली, मागच्या नळ्यांमध्ये घातली आणि दाबली. पोलाद दाबलं तेवढं परत येतं, म्हणून हवं त्याच्या पुढे न्यावं लागतं. नेमकं किती पुढे, ते सांगता येत नाही म्हणाले. चौथ्या दाबाला दोन्हीकडे साडेचोवीस.

घरगुती हत्यारांसाठी वेगळा भाग करावा, इतकी ती आहेत. पायंडलाच्या दांड्या ज्या आसावर फिरतात, त्याच्या छर्ऱ्यांचा कप सांगाड्यात आट्यांवर बसतो. आच लागली की ते आटे खराब होतात, आणि ते साफ करायचं हत्यार, टॅप, महाग. काकांनी जुन्या कपालाच करवतीने चार खाचा पाडल्या आहेत. झाला टॅप. चाकाचा आउट, म्हणजे फिरतानाची डुगडुग, काढायला एक मोडका चिमटा व्हाइसमध्ये उलटा धरला आहे आणि त्याला दोन खिळे बांधले आहेत. तो चिमटा मंगळवार पेठेतल्या जुन्या बाजारातला. बाजार बुधवारी आणि रविवारी भरतो. आम्ही गेलो त्या रविवारी पावसाने चित्रण फारसं झालं नाही.

(चाक फिरतंय. खिळ्याला रिम घासल्याचा आवाज, टिक, टिक, टिक.)

पुढच्या चाकाला 32 आरे, मागच्या चाकाला 40. भार मागे, म्हणून आरे मागे जास्त. जुनी विलायती रीत, आपल्या काळ्या सायकलींनी ती सोडली नाही. रिम डावीकडे जात असेल, तर उजवीकडचे आरे आवळायचे. एका वेळी निपल, म्हणजे आऱ्याच्या टोकाचा नट, पाव वेढा.

फ्रीव्हील मात्र बदललं. मूळचं 18 दातांचं होतं, पुढचं चक्र 44चं. पायंडलाच्या एका फेऱ्यात सायकल जवळजवळ साडेपाच मीटर जायची. सपाट रस्त्याला उत्तम, धायरीच्या चढाला छातीत धाप. आता मागे 22 दात. एका फेऱ्यात साडेचार मीटरला थोडं कमी. वेग गेला, गुडघे राहिले.

शेवटी कप आवळायचा. चेनच्या बाजूचा कप उलट्या आट्याचा असतो, आणि डाव्या पायंडलाचा आसही. सुलटा आटा दिला, तर चालवताना छर्रे फिरतात त्याने तो हळूहळू सैल होत जातो. हे माहीत नसलेल्या माणसाने जोर लावला, की आटे जातात. सायकलचे. हा कप मरणाचा घट्ट लागतो, आणि पान्याचा दांडा आखूड. काकांनी इकडेतिकडे बघितलं, फरशीवरून कापलेली ती वरची नळी उचलली, पान्याच्या दांड्यावर चढवली आणि अंगाचा भार दिला.

(रंग गेलेल्या पट्ट्यावर त्यांची मूठ. निवेदन नाही.)

(सकाळ. रस्ता. नात.)

पाय पुढून घातला, गेली. पहिल्या दिवशी चेन एकदा पडली. मग मागचं चाक थोडं ओढून बसवलं. आता ती क्लासला सायकलने जाते. हायवेच्या पुलाखाली मात्र उतरून, हातात धरून.

दांडीचे ब्रेक तसेच ठेवलेत. ते रिमला आतून, आऱ्यांच्या बाजूने लागतात. या रिमवर दुसरे बसत नाहीत. पावसात धरत नाहीत, ते तिला सांगून ठेवलंय.

पितळेचे जोड अजून उघडे आहेत, पिवळे. काळा रंग दिवाळीनंतर देऊ, असं काका म्हणतात. कुठल्या दिवाळीनंतर, ते म्हणत नाहीत.

(घंटी. दोनदा.)