फ्लेक्सिबल हीटर जळतो कशामुळे?

नमस्कार! हा सिलिकॉन रबरचा हीटर, म्हणजे आत तार असलेली, धातूवर चिकटवायची लवचिक चादर, जवळून बघा. बाकी सगळा ठणठणीत आहे, फक्त इथे बोटाच्या पेराएवढा काळपट डाग पडलाय. आतली तार तिथेच तुटली. अशा वेळी ‘माल खराब निघाला’ म्हणून लोक मोकळे होतात. मला ते पटत नाही. हा डाग जिथे आहे, तिथे हीटरखाली हवा अडकली होती. समोरच्या धातूने उष्णता ओढून घेतली नाही की ती तारेतच साचते, आणि तापमान सांभाळणाऱ्या कंट्रोलरला त्याचा पत्ताही लागत नाही, कारण सेन्सर दुसरीकडेच असतो.

म्हणून निवड करताना नुसते वॉट बघू नका, ते किती जागेत पसरलेत तेही बघा. 20 किलोची स्टीलची प्लेट 20 मिनिटांत 30 वरून 80 अंशांवर न्यायची आहे, असं धरा. वस्तुमान, विशिष्ट उष्णता (एक किलो एका अंशाने तापवायला लागणारी उष्णता) आणि तापमानातला फरक यांचा गुणाकार केला की साधारण 500 किलोज्यूल येतात, म्हणजे सव्वाचारशे वॉटच्या आसपास. बाहेर जाणारी उष्णता धरून 550 घ्या. हेच 550 वॉट 20 बाय 35 सेंटीमीटरच्या हीटरमधून दिले, तर चौरस सेंटीमीटरला 0.8 वॉटही पडत नाहीत. 10 बाय 15 मध्ये कोंबले तर साडेतीनच्या वर जातात! वॉट तेवढेच, पण दुसरा हीटर चिकटवून वापरायची हिंमत मी करणार नाही.

मटेरियलचं म्हणाल तर कारखान्यातल्या धकाधकीला सिलिकॉन रबर बरं. अगदी पातळ, हलका हीटर हवा असेल किंवा व्हॅक्यूममध्ये काम असेल, तर पॉलिइमाइड, म्हणजे उष्णता सोसणारी प्लास्टिकची पातळ फिल्म. रबर 200 अंश सोसतं, पण मागच्या चिकट थराची मर्यादा बऱ्याचदा 150 च्या आसपासच असते. डेटाशीटमध्ये तो आकडा आधी शोधा.

आता बसवणं. माझ्या मते निम्मं आयुष्य इथेच ठरतं. पृष्ठभाग आयसोप्रोपिल अल्कोहोलने पुसून पूर्ण वाळू द्या. चिकट थरावरचा कागद एकदम सोलू नका. एका कडेने थोडा थोडा काढत, रबरी रोलर दाबत पुढे सरका. बुडबुडा दिसला तर तिथेच थांबा आणि तो कडेकडे ढकलून बाहेर काढा. हीटरची कड दुसऱ्या हीटरवर चढवायची नाही, आणि मोठा झाला म्हणून कापायचा तर मुळीच नाही.

व्होल्टेजही तपासा. 115 व्होल्टचा हीटर 230 ला जोडला तर वॉट दुप्पट नाही, चौपट होतात.

द्रवाच्या ड्रमभोवती हीटरचा पट्टा लावणाऱ्यांसाठी एक गोष्ट: पट्टा नेहमी द्रवाच्या पातळीखाली हवा. ड्रम रिकामा होत आला की आधी हीटर बंद करा. आणि कंट्रोलर असला तरी थर्मल कटआउट (तापमान फार वाढलं की वीज तोडणारा स्विच) वेगळा लावाच, कारण कंट्रोलरचा रिले, म्हणजे वीज चालू-बंद करणारा स्विच, चिकटला तर हीटर बंद करायला दुसरं काहीच उरत नाही.